मराठवाड्यातून रेल्वेनं निघून मुंबईत क्रूझ पकडायची कशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या हिवाळ्यात आम्ही घरचे पाच जण परभणीहून रेल्वेनं मुंबईला गेलो आणि तिथून दोन रात्रींची गोव्याची क्रूझ करून आलो. स्टेटसला चार फोटो काय टाकले, तेव्हापासून नात्यातल्या, शाळेतल्या, सोसायटीतल्या, नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांचे मेसेज थांबेनात. गंमत म्हणजे जहाजावर काय आहे हे कमी जण विचारतात, जहाजापर्यंत पोचायचं कसं हे सगळे विचारतात. बरोबरच आहे म्हणा, आपल्याला समुद्र पाच-सहाशे किलोमीटर लांब. तेच तेच दहा वेळा टाईप करायचा कंटाळा आला म्हणून सगळं इथं एकदाच लिहून ठेवते. गाड्यांच्या वेळा बदलत राहतात, तिकीट काढताना एकदा बघून घ्याच.

१. क्रूझ नेमकी कुठून सुटते? गेटवे ऑफ इंडियावरूनच ना?

नाही. गेटवेवरून एलिफंटाच्या आणि मांडव्याच्या लाँच सुटतात, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्यापण नेणारी बोट. मोठं जहाज लागतं बॅलार्ड पिअरला, मुंबई इंटरनॅशनल क्रूझ टर्मिनलवर. नवी इमारत आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं. टॅक्सीवाल्याला 'क्रूझ टर्मिनल' म्हणून कळलं नाही तर 'बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट' म्हणा, लगेच कळतं.

आता गंमत बघा, इंग्रजांच्या काळात याच बॅलार्ड पिअरवर रेल्वे स्टेशन होतं. विलायतेहून टपालाची बोट आली की साहेब लोक बोटीतून उतरून सरळ पंजाब लिमिटेडमध्ये बसायचे, तीच आजची पंजाब मेल. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी रेल्वे जहाजाच्या दारात जायची आणि आज आपण शेवटच्या दोन किलोमीटरसाठी टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालतो.

२. सीएसएमटीवरून किती लांब आहे? चालत जमेल का?

दोन किलोमीटरच्या आतबाहेर. सडाफटिंग असाल, पाठीवर एक सॅक असेल तर जमेल. बॅगा, पोरं, म्हातारी माणसं असतील तर उगं हट्ट करू नका, मुंबईतल्या दमट उन्हात तेवढ्यात घामाघूम व्हाल आणि मग जहाजावरचा पहिला फोटो तसलाच येईल.

एक गोष्ट लई कामाची सांगते. सीएसएमटीला लांबच्या गाड्या लागतात त्या बाजूच्या टोकाला, म्हणजे १८ नंबर प्लॅटफॉर्मकडून, पी डिमेलो रोडवर बाहेर पडायचा रस्ता आहे. सगळे जण गर्दीच्या मागं मागं समोरच्या मोठ्या दाराकडं जातात आणि तिथून टॅक्सी उलटी फिरून येते. बंदर डिमेलो रोडच्याच बाजूला आहे, तिकडूनच बाहेर पडा. रिक्षा शोधत बसू नका, दक्षिण मुंबईत रिक्षा चालतच नाहीत. काळीपिवळी टॅक्सीचं मीटर ३१ रुपयांपासून सुरू होतं, पण जवळचं भाडं म्हणून दोन-तीन जण मान हलवतील, चौथा नेतो. पाच जण आणि बॅगा असतील तर दोन टॅक्स्या करा.

३. आपल्याकडून कोणती गाडी घ्यावी?

नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर या पट्ट्यातल्या लोकांसाठी चार-पाच पर्याय आहेत. देवगिरी आणि नंदीग्राम या रात्रीच्या, सकाळी सकाळी सीएसएमटीला सोडतात. तपोवन दिवसाची, नांदेडहून सकाळी दहाला निघून रात्री दहाच्या सुमारास पोचते. वंदे भारत नांदेडहून पहाटे ५ ला सुटते आणि दुपारी २:२५ ला पोचते. आणि हिंगोलीहून येणारी जनशताब्दी, ती दुपार टळल्यावर पोचते.

माझं सरळ मत: जहाज ज्या दिवशी आहे त्या दिवसासाठी फक्त रात्रीच्या दोन गाड्या विचारात घ्या. तपोवन आणि जनशताब्दी आदल्या दिवशीसाठी चांगल्या, हॉटेल करणार असाल तर. वंदे भारतचं वेगळं लिहिलंय, प्रश्न ५. लातूर, धाराशिव, बीडवाल्यांनी प्रश्न ६ बघा.

४. जहाज दुपारनंतर सुटतं ना, मग एक दिवस आधी जायची काय गरज? उगं हॉटेलचा खर्च!

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी एक समजून घ्या, जहाज सुटायची वेळ आणि तुम्ही आत असायची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुटायच्या तास-दीड तास आधीच बोर्डिंग बंद होतं, कारण प्रवाशांची पक्की यादी करून ती आधी द्यावी लागते. तुमच्या क्रूझच्या कागदावर रिपोर्टिंगची वेळ असते, ती धरायची, सुटायची नाही. जहाज काही आपली एसटी नाही की कंडक्टरला "अहो थांबा, मागून माणूस येऊ लागलाय" म्हटलं की थांबेल.

आता आमचं काय झालं ते सांगते. रात्रीची गाडी, परभणीला वेळेत आली, जालना सोडलं, संभाजीनगर सोडलं, मी निवांत झोपले. अडीचच्या सुमारास जाग आली ती शांततेनं. गाडी उभी. पंख्याचा आवाज तेवढा. लासूरच्या अलीकडं कुठंतरी, बाहेर मिट्ट काळोख, लांब एक लाल सिग्नल आणि नवरा दारात उभा राहून त्या सिग्नलकडं असा बघत होता जसं काही बघून तो हिरवा होणार आहे. एक क्रॉसिंग झालं, मग दुसरं, मग एक मालगाडी. सव्वा तास तिथंच गेला. मनमाडला पोचेपर्यंत आमचा नंबर गेलेला, मग पुढं प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या गाड्या आधी काढल्या, कसाऱ्याच्या पुढं लोकलच्या गर्दीत अडकलो. सातच्या ऐवजी पावणेअकराला उतरलो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कल्याणपासून जप करत होत्या.

तरी जहाज मिळालं, कारण रिपोर्टिंगची शेवटची वेळ अडीचची होती. तेव्हापासून माझा एकच हिशोब आहे: गाडी चार तास लेट झाली तरी मी वेळेत पोचेन का? उत्तर हो असेल तर त्या गाडीनं त्याच दिवशी जा, हॉटेलचे पैसे वाचवा. उत्तर नाही असेल तर आदल्या दिवशी जा. मनमाडपर्यंतच्या सिंगल लाईनचं दुहेरीकरण पूर्ण होऊन सगळं सुरळीत होईस्तोवर मी तरी हा हिशोब सोडणार नाही.

५. वंदे भारत आहे की आता नांदेडहून! तिनं त्याच दिवशी गेलं तर?

गाडी छानच आहे, मलापण आवडते. डिसेंबर २०२३ मध्ये जालन्यापर्यंत होती तेव्हा बाराच्या आत मुंबईत सोडायची, तेव्हा कदाचित हो म्हटलं असतं. ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटते आणि सीएसएमटीला दुपारी २:२५ ला पोचते. आता प्रश्न ४ मधला चार तासांचा हिशोब लावा: साडेसहा. जहाज तोवर प्राँग्सच्या दीपस्तंभापलीकडं गेलेलं असेल.

अगदी वेळेवर आली तरी उतरून, टॅक्सी करून, टर्मिनलच्या रांगेत उभं राहायला तीन वाजून जातात. जहाज रात्री उशिरा सुटणार असेल तरच विचार करा, नाहीतर आदल्या दिवशी वंदे भारतनं जा, संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर पोरांना फिरवा, रात्री झोपा. आणि आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, तो दिवस आधी बघा.

६. ताई, आम्ही बीडचे, आमाला कुठं रेल्वे? आणि लातूर-धाराशिवच्या लोकांनी काय करावं?

बीडला रेल्वे आली ना, १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्याच दिवशी! पण ती अहिल्यानगरपर्यंत, मुंबईचं स्वप्न अजून थोडं लांब आहे. बीडकरांसाठी मला दोनच रस्ते पटतात. एक, दुपारी एसटीनं संभाजीनगरला येऊन रात्रीची गाडी पकडा, मधे चार तास हातात ठेवा. दोन, सरळ रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई. मी रेल्वेवाली आहे पण खोटं कशाला सांगू, बीडहून ट्रॅव्हल्स सोपी पडते, एकदाच बसायचं. फक्त बसवाला कुठं उतरवणार ते आधी विचारा, दादर-सायनला उतरवलं तर पुढची टॅक्सी धरून चला.

लातूर, धाराशिवकरांचं उलट सोपं आहे. लातूर-मुंबई रात्रीची गाडी बार्शी, कुर्डुवाडी, पुण्यावरून सकाळी थेट सीएसएमटी. काही दिवस ती बिदरहून सुटते, त्या दिवशी लातूरला तिकीट जरा अवघड जातं. २०१६ च्या दुष्काळात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं तिथली माणसं आता रेल्वेनं समुद्राकडं निघालीत, बरं वाटतं.

७. आम्हाला नांदेड-पनवेल गाडीचं कन्फर्म मिळतंय. पनवेलला उतरून जमेल का?

जमेल, पण पनवेल म्हणजे मुंबई नाही हे डोक्यात ठेवा. तिथून दोन मार्ग. हार्बर लोकल, पनवेललाच सुरू होते म्हणून बसायला जागा मिळते आणि शेवटी सीएसएमटीलाच सोडते, सव्वा-दीड तास. पण सकाळी आठ ते अकरा मोठ्या बॅगा घेऊन लोकलमध्ये चढू नका, वाशीच्या पुढं लोक काय बोलतात ते ऐकवत नाही. दुसरा मार्ग कॅब करून अटल सेतूवरून. तो पूल शिवडीला उतरतो आणि तिथून बंदराच्या बाजूबाजूनंच रस्ता आहे. पूल जवळपास २२ किलोमीटरचा, कारला एका बाजूचा टोल २५०, कॅबच्या भाड्यात तो धरलाय का विचारून घ्या. चार जण असाल तर मी हाच मार्ग घेईन, पोरांना समुद्राची पहिली ओळख तिथंच होते.

८. आधी क्रूझ बुक करू का आधी ट्रेन?

बहुतेक लोक क्रूझ तीन-चार महिने आधी बुक करतात, स्वस्त मिळते म्हणून. रेल्वेचं रिझर्वेशन मात्र १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. म्हणजे क्रूझ झाली तरी ट्रेन मिळेल का ते माहीत नसतं. मग काय करायचं, मोबाईलवर त्या ६० व्या दिवसाचा अलार्म लावायचा आणि सकाळी ८ ला बसायचं. दिवाळी, ख्रिसमस, मे महिना असेल तर त्याच दिवशी काढा, दुपारपर्यंत थांबू नका.

तत्काळवर अवलंबून राहू नका. ती एक दिवस आधी उघडते, एसीची १० ला, स्लीपरची ११ ला, आणि आता ऑनलाईन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं. हजारो रुपयांची क्रूझ त्या दोन मिनिटांवर टांगून ठेवायची म्हणजे लईच झालं. आणि "वेटिंग आहे, चढून टीटीला बघून घेऊ" हे तर विसराच, ऑनलाईन वेटिंग तिकीट कन्फर्म झालं नाही की आपोआप रद्द होतं. आरएसी असेल तर चालेल, निदान बसायला मिळतं.

९. आम्ही दहा जण आहोत, एकत्र सीट कशा मिळतील?

एका पीएनआरवर सहाच जण (तत्काळला चारच). दोन तिकिटं काढावी लागतील, एकाच वेळी दोन मोबाईलवर काढा. ६० च्या पुढचे पुरुष आणि ४५ च्या पुढच्या बायका यांना लोअर बर्थ कोट्यातून खालचा बर्थ मिळू शकतो, पण हा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच जण असतील तेव्हा. म्हणून आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा. ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंदच आहे, ते विचारणारे अजूनपण भेटतात.

१०. नांदेडहून कोटा जास्त असतो म्हणून तिकडून काढलं, बसणार जालन्याला. चालतं ना?

बोर्डिंग स्टेशन बदललं तर चालतं, नाही बदललं तर नाही. नुसतं मनात ठरवून जालन्याला उभे राहिलात आणि टीटीनं 'आले नाहीत' म्हणून बर्थ दुसऱ्याला दिला तर भांडायला जागा नाही. ॲपवरून बदलता येतं, शेवटच्या दिवसावर ठेवू नका. आणि एकदा बदललं की नांदेडहून बसायचा हक्क गेला.

११. गाडी वेळेत आली, सकाळी सातला उतरलो, बोर्डिंग दुपारी. तोवर करायचं काय?

हे सुखाचं दुखणं आहे, असू द्या. सीएसएमटीला क्लोकरूम आहे, रेल्वेचं तिकीट दाखवून सामान ठेवा, बॅगांना कुलूप पाहिजे हे लक्षात ठेवा नाहीतर घेत नाहीत. एसी वेटिंग रूम आहे, आंघोळीसाठी रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी आधी ऑनलाईन बघा. मग निवांत बाहेर येऊन ती इमारत बघा, २००४ पासून जागतिक वारशात आहे आणि आपण रोज तिच्या आतून पळत जातो. फोर्ट, बॅलार्ड इस्टेटचे दगडी बिल्डिंगांचे रिकामे रस्ते फिरा, रविवारी तर फारच शांत. दादरला साडी घ्यायला, जुहूला, नातेवाईकांकडं डोंबिवलीला, काही काही जायचं नाही. परत यायला किती वेळ लागेल हे मुंबईतल्या माणसालापण सांगता येत नाही.

१२. कागदपत्रं काय लागतात?

भारतातल्या भारतात (गोवा, लक्षद्वीप, कोची) असेल तर पासपोर्ट लागत नाही. आधार, मतदान कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स यातलं एक ओरिजिनल, लहान पोरांचंपण. पॅन कार्डावर भिस्त ठेवू नका, त्यावर पत्ता नसतो. झेरॉक्स आणि मोबाईलमधला फोटो यावरपण विसंबू नका. घरून निघायच्या आधी वेब चेक-इन करून बोर्डिंग पास काढून ठेवा, प्रिंट मारून. लक्षद्वीपला परमिट लागतं, त्याची माहिती क्रूझवाले आधी मागून घेतात, ती वेळेत भरा. परदेशी बंदराला जाणारी क्रूझ असेल तर मग पासपोर्ट-व्हिसा सगळं आलं.

१३. बायकोचं आधार माहेरच्या नावानं आहे आणि बुकिंग सासरच्या नावानं झालंय. अडवतील का?

अडवू शकतात. आपल्याकडं हे घराघरात आहे. आजच क्रूझवाल्यांना कळवून बुकिंगवरचं नाव आधारप्रमाणे करून घ्या, आधार बदलत बसू नका, तेवढा वेळ नसतो. 'बाई' लागलं, 'राव' राहिलं, मधलं नाव गाळलं, हेपण बघा. आमच्या आत्याबाईंच्या आधारावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, त्या पिढीच्या निम्म्या लोकांची तीच असते, त्यानं काही अडत नाही, फक्त बुकिंगमध्ये तीच टाका, खरी नको.

१४. सामान किती न्यावं आणि कसं भरावं?

रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो, सेकंड एसीला ५० किलो फुकट चालतं, एवढं कुणी नेत नाही. खरा मुद्दा भरायच्या पद्धतीचा आहे. टर्मिनलवर मोठ्या बॅगा टॅग लावून तुमच्याकडून घेतात, स्कॅन होतात आणि मग परस्पर केबिनच्या दाराशी येतात, कधी कधी संध्याकाळ होते. म्हणून एक छोटी पिशवी हातात ठेवा: ओळखपत्रं, औषधं, चार्जर, चष्मा, पोरांचा एक ड्रेस आणि पोहायला जायचं असेल तर ते कपडे. शुगर-बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकून मग चार तास लिफ्टसमोर येरझारा घालणारे काका मी बघितलेत.

काय न्यायचं नाही: इस्त्री, किटली, इंडक्शन, मेणबत्ती, लायटर, काडेपेटी, चाकू-सुरी, दारू. देवाला दिवा लावायची सवय असेल तर तीन दिवस हात जोडून भागवा, जहाजावर आगीला सगळ्यात जास्त घाबरतात.

आता अडकित्त्याची गोष्ट. आत्याबाईंच्या बटव्यात त्यांच्या आईचा पितळी अडकित्ता असतो, सुपारीशिवाय त्यांचं पान हलत नाही. स्कॅनरमध्ये तो दिसला. तिथल्या पोरीनं बटवा उघडला, अडकित्ता हातात घेऊन उलटासुलटा केला, उघडझाप करून बघितला, साहेबाला बोलावलं. ती बहुतेक उत्तरेकडची असावी, तिला कळेना हे हत्यार कशाचं. आत्याबाईंनी खणातून सुपारी काढून तिथंच कातरून दाखवली! सगळी रांग हसली पण अडकित्ता काही आत गेला नाही, पावती देऊन ठेवून घेतला आणि परतताना नीट परत दिला. तेव्हा कातरलेली सुपारी घेऊन जा.

१५. खायचं घेऊन जावं का? शाकाहारी, उपवासवाल्यांचं काय?

गाडीसाठी घ्याच. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्यात मुरवलेली मिरची, आपली नेहमीची शिदोरी. गाडी लेट झाली तर तीच कामाला येते, आम्ही कल्याणच्या अलीकडं उरलेले धपाटे खाल्ले आणि समोरच्या बर्थवरच्या पोरालापण दिले. पण जहाजावर घरचं शिजवलेलं नेऊ देत नाहीत, म्हणून सगळं मुंबई यायच्या आत संपवा. जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण व्यवस्थित मिळतं. एकादशी, चतुर्थी येत असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, नाहीतर फळं आणि दूध यावर दिवस काढायची तयारी ठेवा. ज्वारीची भाकरी मात्र विसरा.

१६. बोट लागेल का हो? मला तर एसटीपण लागते.

प्रत्येकाचं वेगळं. मोठं जहाज एसटीसारखं गचके देत नाही, हळूहळू डोलतं, त्यात उभं राहिलं की गरगरतं. केबिन घेताना खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधली घ्या, तिथं हलणं कमी. डोकं धरल्यासारखं झालं तर डेकवर जाऊन क्षितिजाकडं बघा, मोबाईलमध्ये डोकं घालू नका. आलं चघळा. गोळी डॉक्टरला विचारून आधीच घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. रात्रभर रेल्वेत जागरण करून गेलात तर जास्त लागते, हे मी स्वतःवरून सांगते.

१७. गरोदर बाई, तान्हं बाळ, चालता न येणारे आजोबा, यांना नेता येतं का?

बहुतेक क्रूझ कंपन्या २४ आठवडे झालेल्या गरोदर बाईला घेत नाहीत आणि त्याआधीपण डॉक्टरची चिठ्ठी मागतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत. आजोबांसाठी व्हीलचेअर रेल्वे स्टेशनला वेगळी आणि टर्मिनलला वेगळी सांगावी लागते, एकानं दुसऱ्याला कळवलं असेल असं गृहीत धरू नका.

१८. चढल्या चढल्या जॅकेट, भोंगा, कसलीतरी ड्रिल असते म्हणे. टाळता येते का?

नाही, आणि टाळूपण नका. संकट आलं तर कुठं जमायचं आणि लाईफ जॅकेट कसं घालायचं ते त्यात शिकवतात. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाची क्रूझ बुडाली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांची ड्रिल झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. अर्धा तास जातो. आपला जमायचा नंबर कार्डावर छापलेला असतो, पोरांकडून पाठ करून घ्या.

१९. मोबाईलला रेंज राहते का?

किनारा सुटला की तासा-दोन तासात जाते. तेव्हा फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल येऊ शकतं. वायफाय पैसे देऊन मिळतं. घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर फोन लागेना म्हणून तिकडं नवस बोलले जातात.

२०. ट्रेन लेट झाल्यामुळं जहाज चुकलं तर पैसे परत मिळतात का?

क्रूझवाल्यांकडून साधारणपणे नाही, वेळेत न येणं म्हणजे तुमची चूक, पूर्ण पैसे गेले. रेल्वेकडून काय मिळतं? गाडी तुमच्या स्टेशनला तीन तासांपेक्षा जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तर गाडी सुटायच्या आत टीडीआर (पैसे परत मागायचा अर्ज) भरून तिकिटाचे पूर्ण पैसे. म्हणजे परभणीलाच कळलं की गाडी चार तास लेट आहे, तर तिकीट सोडून कार करून निघणं शहाणपणाचं, ते पैसे तरी परत येतात. गाडीत बसलात आणि मग लेट झाली तर काही नाही. तिकीट काढताना ४५ पैशांचा विमा घेतो ना आपण, तो अपघाताचा आहे, चुकलेल्या जहाजाचा नाही.

कोर्टाचा रस्ता आहे पण लांबचा. २०१६ मध्ये अजमेर-जम्मू एक्स्प्रेस चार तास लेट झाली आणि एका कुटुंबाचं जम्मूहून श्रीनगरचं विमान चुकलं. ते ग्राहक मंचात गेले. रेल्वेला उशिराचं कारण सिद्ध करता आलं नाही म्हणून ३० हजारांची भरपाई सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२१ मध्ये कायम ठेवली. म्हणजे हक्क आहे, पण पाच वर्षं आणि तीस हजार! त्यापेक्षा आदल्या रात्रीचं हॉटेल स्वस्त पडतं. प्रवास विमा घेणार असाल तर त्यात 'पुढचा प्रवास चुकणे' यात रेल्वेचा उशीर धरलाय का तेवढी ओळ वाचा, कित्येकात फक्त विमानाचा धरतात.

२१. मुंबईत चुकलं तर रात्रीच्या गाडीनं गोव्याला जाऊन तिथं चढता येईल का? जहाज तिथं थांबतंच की.

डोकं चांगलं चालवलंत, माझ्या मेहुण्यांनीपण हेच विचारलं होतं. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागतं हे खरं, पण तुम्ही चढलाच नाहीत म्हणजे यादीतून नाव गेलं, मग बंदराच्या गेटवरच अडवतात. क्रूझवाल्यांनी आधी लेखी हो म्हटलं तरच जा. म्हणून गाडी लेट होतेय असं दिसलं की कल्याणची वाट न बघता मनमाड-नाशिकलाच त्यांच्या नंबरवर फोन करा. थांबणार नाहीत, पण निदान पुढचं काय ते सांगतील. आणि दादरला उतरून टॅक्सी केली तर लवकर होईल का, असंपण विचारतात. नाही होत. गाडी चालू असेल तर सीएसएमटीपर्यंत बसून राहा.

२२. पावसाळ्यात जावं का?

मुंबईहून पावसाळ्यात क्रूझ जवळपास नसतातच, समुद्र खवळलेला असतो. पण मेच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला घेतली असेल तर रेल्वेसाठी चार तासांच्या हिशोबाला सोडचिठ्ठी द्या आणि सरळ एक दिवस आधी जा. कसारा घाटात दरड, कुर्ल्याला पाणी, दोन्हीपैकी एक झालं तरी सगळं ठप्प.

२३. परतीची गाडी कोणती काढावी? जहाज सकाळी लागतं म्हणतात.

जहाज सकाळी लागतं, पण लागलं म्हणजे उतरलो असं नाही. मजल्या-मजल्यानं उतरवतात, बॅगा शोधायच्या असतात, साडेनऊ-दहा सहज होतात. वंदे भारत सीएसएमटीहून दुपारी १:१० ला आहे, ती आरामात मिळते आणि रात्री अकराच्या आत नांदेडला. जनशताब्दी त्याच्या तासभर आधी, तीपण जमते पण जहाजाला उशीर झाला तर धाकधूक. तपोवन सकाळी लवकर सुटते, तिचा विचारच करू नका. आम्ही रात्रीची देवगिरी घेतली होती. दिवसभर सामान क्लोकरूमला ठेवून फोर्टमध्ये फिरलो, पण तीन दिवस डोलल्यामुळं जमीनच हलल्यासारखी वाटत होती. आत्याबाई फूटपाथवर भिंतीला हात धरून चालत होत्या. दुसऱ्या हातात, पदराच्या टोकात घट्ट बांधलेला, अडकित्ता.